बहीण असून खानावळीत

त्या वर्षी जत्रेला हौसाक्काला आणायला आईनं मलाच पाठवलं, ही तिची चूक म्हणायची की हुशारी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लग्न झालेल्या बहिणीला माहेरी न्यायला जो भाऊ जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. मुराळ्याचं काम तसं सोपं. जायचं, सोप्यात बसायचं, पाऊसपाणी बोलायचं, दोन वेळा गळ्यापर्यंत जेवायचं आणि जावयानं "न्या" म्हटलं की बहिणीची पिशवी उचलून एसटी गाठायची. यात अवघड म्हणाल तर जेवण, कारण बहीण वाढतच राहते. माझं नेमकं तिथंच अडलं होतं. मी दाजींच्या घरात जेवणार नव्हतो. पाणीसुद्धा पिणार नव्हतो. आख्ख्या गावादेखत तसं बोलून बसलो होतो.

झालं होतं असं. आमचं गाव वारणानगरच्या पुढं दोन मैल. आदल्या वर्षीच्या जत्रेत पंगतीला मी वाढायला होतो. चौथीत शाळा सुटली तेव्हापासनं मला एक विद्या चांगली येत होती, बादली घेऊन पंगतीतनं पळायची. दाजी म्हणजे हौसाक्काचा नवरा, कोल्हापुरात लेथ मशीनवर कामाला. नखं कायम काळी, पण कपडे कडक इस्त्रीचे. ते उशिरा आले आणि शेवटच्या पंगतीला बसले. तोवर मटणाच्या पातेल्यात नुसता रस्सा राहिलेला. जावई बसलाय म्हटल्यावर आत जाऊन आईला सांगायचं, तिनं बाजूला झाकून ठेवलेलं आणायचं, एवढी साधी गोष्ट. मी काय केलं, त्यांच्या ताटात रस्सा ओतला आणि म्हणालो, "दाजी, आज रश्शावरच भागवा." पंगत हसली. दाजी ताटावरनं उठले, उंबऱ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ह्या घरात मी परत जेवणार न्हाय." त्यांचे पाय धरायचे सोडून मी बादली आपटली. "मग आमीबी तुमच्या घरचं पाणी पिणार न्हाय." मला कुणी विचारलं होतं का? कुणी नाही. हौसाक्का मधेच उभी होती, एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं. त्याच पावली ती नवऱ्याच्या मागनं गेली आणि वर्षभर फिरकली नाही. पुढची जत्रा आठ दिवसांवर आली तशी आई म्हणाली, "तूच घालवलीस, तूच आण. आन् तिला घेतल्याबिगार आलास तर तुलाबी जेवाण न्हाय." आठ भाकऱ्या, ठेचा आणि पदराच्या गाठीतले पैसे देऊन तिनं मला वाटंला लावलं.

मंगळवार पेठेत दाजींच्या दोन खोल्या होत्या, पुढं बसायला दगडी कट्टा, आणि गल्लीच्या तोंडाला सरकारी नळ. मी रविवारी दुपारी पोचलो. हौसाक्का दारातच भेटली. तिच्या तोंडावर जो आनंद आला तो मला या वयातही जसाच्या तसा दिसतो.

"आत ये की," ती म्हणाली.

"हितंच वारं चांगलं हाय."

"वाढलंय तुला. वांगं केलंय."

"मी जेवून आलोय."

"कुठं?"

"हाटेलात."

"एसटी आत्ता आली, तू जेवलास कवा?"

मी उठून नळावर गेलो आणि पाणी प्यायलो. नळ नगरपालिकेचा, म्हणजे सरकारचा, आणि सरकारशी माझं काही वाकडं नव्हतं. संध्याकाळी दाजी आले. मला कट्ट्यावर बघून चप्पल काढता काढता म्हणाले, "काय मेव्हणं, काय काम काढलंसा?" मी म्हणालो, "शुक्रवारी जत्रा हाय. आक्काला न्यायला आलोय." दाजी म्हणाले, "बघू." आणि आत गेले. मुराळ्याला "नाही" म्हटलं तर तो परत जाऊ शकतो, "न्या" म्हटलं तर घेऊन जाऊ शकतो. "बघू" म्हटल्यावर त्याला बसूनच राहावं लागतं. दाजींना हे चांगलं ठाऊक होतं.

तर असा मी बहिणीच्या कट्ट्यावर झोपायचो आणि कोल्हापुरात जेवत फिरायचो. आता खोटं कशाला सांगू, मला मजा आली. गावाबाहेर खाणं म्हणजे बाजारच्या दिवशी शेवचिवडा, यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. इथं गल्ली बदलली की फोडणी बदलत होती. खिशात फार नव्हतं, म्हणून युक्तीनं खावं लागायचं. पहिली युक्ती मिसळीच्या दुकानात सापडली. मिसळीवर जो लाल जाळ रस्सा ओततात त्याला कट म्हणतात, आणि तो मागाल तेवढा फुकट असतो. मी एक मिसळ घेतली, पाव परत केला आणि पिशवीतली आईची भाकरी काढून कटात कुस्करली. वाढणारा ढेरपोट्या माणूस खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसत बघत राहिला.

"पावणं, मिसळ आमची, भाकरी तुमची. उद्या चूलबी घिऊन या."

"कट आणा की अजून."

"ही चौथी येळ."

"मोजताय व्हय?"

"मोजत न्हाय, भ्यालोय. पोट हाय का हापसा?"

आजूबाजूची माणसं खदाखदा हसली, पण त्यानं कट आणला, आणि पाचव्यांदा न मागता आणला. परवा नातवानं मला मोटारीतनं असल्याच एका दुकानात नेलं. टोकन घ्या, नंबर येईपर्यंत उभं राहा, आणि मिसळीवर किसलेलं चीज. मी कट परत मागितला तर पोरगं म्हणालं, "आजोबा, एक्स्ट्राचं बिल होईल." मी ताट तसंच सारलं. नातू म्हणतो, तुम्ही उगाच हट्ट करता. करतो.

रविवारी संध्याकाळी मशिदीजवळच्या हॉटेलात खिमा-पाव खाल्ला. तिथल्या चाचांनी गाव विचारलं, पाऊस विचारला, उसाचा भाव विचारला आणि जाताना बडीशेप मुठीनं दिली. सकाळी गंगावेशीत गेलो. तिथं रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात आणि गवळी तुमच्यासमोर ग्लासात धार काढून देतो, फेसासकट, कोमट. आता मी काय म्हशीची धार बघितली नव्हती? रोज पहाटे चार म्हशींची मीच काढत होतो. पण घरचं दूध डेअरीला जायचं, आमच्या वाट्याला चहापुरतं. पैसे देऊन धारेचं दूध प्यायला मी कोल्हापुरात आलो. प्यायलो, आणि गवळ्याला सांगितलं, म्हशीचा डावा सड आखडतोय, बघा. त्यानं वाकून बघितलं आणि अर्धा ग्लास आणखी ओतला. मंगळवारी उडप्याच्या हॉटेलात शिरलो. तिथं वेटर मला "साहेब" म्हणाला, त्यामुळं मी जेवण संपेपर्यंत ताठ बसलो. डोसा भाकरीसारखा मोडून सांबारात काला केला. सांबारात शेवग्याची शेंग होती. उडप्याच्या घरची नळी समजून तीही इमानानं चोखली.

पण खरं पोट भरलं ते सोमवारी, आव्वाच्या खानावळीत. कर्नाटकाच्या सीमेवरनं आलेली लिंगायताची बाई, पिकलेले केस, कपाळाला भस्म. सगळे तिला आव्वा म्हणायचे. ज्वारीची पातळ भाकरी, दाण्याची चटणी, घट्ट दही, वरणासारखी आमटी. ती माझ्या ताटाकडं बघून सारखी वाढत होती आणि मला तम्मा म्हणत होती, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

"कुठला रं, तम्मा?"

"वारणेकडचा."

"गावात कोण न्हाय तुझं?"

"न्हाय," मी म्हणालो. इतकं सहज बोललो की जीभसुद्धा अडखळली नाही.

मी परत आलो की हौसाक्का भांडी घासता घासता विचारायची, "आज काय खाल्लंस?" आणि मी मूर्ख, कट्ट्यावर पाय पसरून सगळं रंगवून सांगायचो. मिसळवाला काय म्हणाला, डोसा केवढा होता, आव्वाची चटणी कशी होती. ती ऐकायची. संध्याकाळी तिच्या भाकरी थापायचा आवाज बाहेर यायचा, थप थप थप, आणि मला कळायचं की ती तीन माणसांच्या थापतेय. मंगळवारी तिनं माझ्याकडनं चटणीत काय काय होतं ते विचारून घेतलं. थोड्या वेळानं एक वाटी माझ्याशेजारी कट्ट्यावर ठेवली आणि आत गेली. दाण्याची चटणी होती, वर तेलाची धार. वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी वाटीला हात लावला नाही. शब्द म्हणजे शब्द. घटकाभरानं तिनं येऊन वाटी उचलली. तेव्हा मी गल्लीत कुणाची तरी सायकल बघत होतो.

बुधवार उजाडला. गुरुवारी सकाळी निघालो नाही तर जत्रा चुकणार, आणि आईसमोर एकटं जायची माझी छाती नव्हती. दाजींचं "बघू" काही सुटत नव्हतं. मग मला एक अक्कल सुचली. त्यांना आमच्या घरात जेवायचं नाही, मला त्यांच्या घरात जेवायचं नाही. पण हॉटेल कुणाचं? हॉटेल तिसऱ्याचं. तिथं दोघंही सुटे. शिवाय कोल्हापुरात एक चांगली रीत आहे. आपण बाजारातनं मटण घेऊन खानावळीत द्यायचं, ते शिजवून देतात. तोवर दोन तास बसून बोलायचं. गेल्या वर्षीचं मटण मी यंदा त्यांच्या ताटात घालणार होतो, तेही एक शब्द न बोलता. चुकलो म्हणायची गरजच नाही. मी सकाळी दाजींना कामावर जाताना गाठलं.

"तीनला सुटल्यावर माझ्यासंगं जेवायला चला. मटण माझं."

दाजींनी डबा या हातातनं त्या हातात घेतला. "कुठं?"

"बाहेर. तुमचं न्हाय, आमचं न्हाय."

ते म्हणाले, "भाकरीचं पैसं मी देणार." मी म्हणालो, द्या.

मी चांगलं किलोभर मटण घेतलं, खाटकाशी भांडून नळीची दोन हाडं घेतली. आणि दाजींना घेऊन थेट आव्वाच्या खानावळीत गेलो. आता तुम्ही हसाल. पण माझं डोकं कसं चाललं ते ऐका. सोमवारी मी तिथं जेवलो तेव्हा मटण नव्हतं, कारण सोमवार होता. सोमवारी आमच्याकडं कुणाच्याच चुलीवर मटण नसतं. बुधवारी असतं. शुक्रवारी, रविवारी असतं. जी बाई सोमवारी एवढं चांगलं रांधते ती बुधवारी काय करत असंल, असा माझा हिशेब. मी पिशवी पुढं केली. आव्वानंही पिशवी घ्यायला हात पुढं केला.

"काय आणलंस तम्मा, भाजी?"

"मटण हाय आव्वा. झणझणीत करा."

तिचा हात तिथंच थांबला. जेवणाऱ्या लोकांचे घास थांबले. कोपऱ्यातला एक म्हातारा खोकायला लागला. दाजींनी माझी बाही ओढली, पण मी एकदा बोलायला लागलो की ओढून थांबणारा नव्हतो.

"आज बुधवार हाय की," मी म्हणालो.

"बुधवार हाय. मग?"

"मग सोमवारी न्हवतं ते ठीक हाय. बुधवारी का न्हाय?"

आव्वानं हात पदराला पुसले. मग शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं सातीबी वार सोमवारच असतंय, बाळा."

खानावळ अशी हसली की वरचे पत्रे वाजले. एकानं ताटातली चटणी बोटानं उचलून "ही बघा बुधवारची नळी" म्हटलं. दाजींच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. माझे कान तापले. दुसरं कुणी असतं तर मी पिशवी आपटून बाहेर पडलो असतो. पण सगळे हसत असताना ती बाई तेवढी हसत नव्हती. पिशवी माझ्या हातात आणि मी तिच्या चुलीपासनं हातभर अंतरावर, आणि तरी ती चिडली नव्हती. माझ्या तोंडातनं आपोआप आलं, "चुकलं, आव्वा."

"चुकलं तर चुकलं. पिशवी भाईर ठेव आन् हात धुवून ये. उपाशी जाऊ नगंस."

तेवढ्यात दाजी डोळे पुसत म्हणाले, "नको आव्वा, ह्याच्या बहिणीकडं करून घेऊ. हितंच मंगळवार पेठेत हाय. मी तिचा नवरा."

आव्वाचा चेहरा तेव्हा बदलला. मटणानं बदलला नव्हता. "बहीण हाय तुझी गावात?" ती म्हणाली. "आन् माझ्याकडं जेवलास? मला म्हणालास, कोण न्हाय." आणि ती आत वळली, भाकरी उलटायला. दाजींचंही हसू थांबलं.

समोरच्याच बाजूला "मटण करून मिळेल" अशी पाटी लावलेली खानावळ होती, पण आमचे पाय तिकडं वळले नाहीत. रस्त्यानं आमची दोघांची वकिली सुरू झाली. मी म्हणालो, मटण माझं आहे, म्हणजे मी माझंच खाणार, शब्द मोडत नाही. दाजी म्हणाले, चूल माझी आहे, म्हणजे मी माझ्याच घरात जेवणार, माझाही मोडत नाही. मिठाचं काय, मी विचारलं. दाजींनी वाण्याकडनं माझ्या पैशानं मीठ घ्यायला लावलं. घर येईपर्यंत आम्ही मोठे कायदेपंडित झालो होतो, आणि चक्क खुशीत होतो.

हौसाक्का दारात बसून तांदूळ निवडत होती. दाजी लांबूनच म्हणाले, "ऐकलंस का, आज तुझा भाऊ 'चुकलं' म्हणाला. ह्या कानानं ऐकलं."

तिचा हात थांबला. "कुणाला?"

"खानावळवाल्या आव्वाला." मग त्यांनी सगळं सांगितलं, वार, पत्रे, मटण कुणाचं, चूल कुणाची, मीठसुद्धा. त्यांना वाटलं ती हसंल. मलाही वाटलं.

ती खडा शोधून बाजूला टाकत म्हणाली, "लोकाच्या बाईला म्हणाला व्हय." आवाज चढलेला नव्हता. "चार दिस झालं, दोन्ही टायमाला एक ताट वाढून ठेवतीया आन् उचलून गल्लीतल्या गाईला घालतीया. मला न्हाय कवा म्हणाला." मग नवऱ्याकडं बघितलं. "आन् तुमी. बघू, बघू. मी काय एसटीत इसरलेली पिशवी हाय? ह्यानं न्यायची, का तुमी ठेवायची? मला इचारलं का कुणी?"

दाजी चप्पल काढायला वाकले. ती म्हणाली, "मटण ठेवा तिकडं. आज मी चूल पेटवणार न्हाय."

मी बाहेर उभा. अंगात असा एक गडी असतो, तो मान वाकवू देत नाही. आजही तो माझ्यात आहे, गुडघे गेले तरी तो गेला नाही. सूनबाईला विचारा. पण त्या दिवशी गल्लीतली ती गाय माझ्या डोळ्यासमोर आली, माझ्या वाटणीची भाकरी खाणारी, चार दिवस. मी चप्पल काढली, उंबरा ओलांडला आणि भिंतीला टेकून खाली बसलो. त्या घरात मी पहिल्यांदाच बसत होतो.

"आक्का, वाढ," मी म्हणालो.

"काय वाढू? मटण कच्चं हाय."

"असंल ते."

"सकाळची भाकरी हाय. वांगं हाय, गार झालेलं."

"चालंल."

तिनं पाठ फिरवून ताट केलं, त्यामुळं तिचं तोंड दिसलं नाही. ताट ठेवलं आणि समोर बसली, गुडघ्याला हात बांधून. पीठ दाजींचं, वांगं दाजींचं, तेल-मीठ दाजींचं, कुठल्या वकिलाला त्यातनं मला सोडवता आलं नसतं. भाकरी वाळली होती. तिसऱ्या घासाला घशात बसली. मी हौसाक्काकडं बघितलं. ती हलली नाही. मला बोलावंच लागलं.

"पाणी दे."

उठले ते दाजी. माठातनं तांब्या भरून त्यांनी माझ्यापुढं ठेवला, आणि तिथंच मांडी घालून माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली. आम्ही दोघं एका ताटात गार वांगं खात होतो. शेवटी दाजी वांग्याकडं बघत म्हणाले, "शुक्रवारी मीबी यावं म्हणतो. जेवायला."

"या की," हौसाक्का म्हणाली. "मी उद्या सातच्या गाडीनं निघणार हाय. ज्याला यायचं त्यानं यावं. आन् त्ये मटण उद्यापर्यंत ऱ्हायचं न्हाय. दोघांनी मिळून शिजवा. मी बसून खाणार." एवढं बोलून ती सुपातले तांदूळ घेऊन बाहेर कट्ट्यावर गेली, माझ्या जागेवर बसली आणि पाय पसरले.

मी आणि दाजींनी एकमेकांकडं बघितलं. चूल पेटवायची कशी, हे दोघांनाही माहीत नव्हतं.